डायलिसिस युनिटमधील जिवाणूसंसर्गाची साथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं डायलिसिस युनिटमधल्या सिस्टर, टेक्निशियन आणि डॉक्टरांसाठी आहेत, तशीच रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठीही आहेत. सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. डायलिसिस चालू असताना एखाद्याला हुडहुडी भरली, तर ती त्या एकट्याची तक्रार मानू नका. ती संपूर्ण युनिटची बाब आहे. तारीख, शिफ्ट, मशीन आणि वेळ यांसह ती युनिटच्या वहीत लिहून ठेवा. बहुतेक साथी प्रयोगशाळेच्या अहवालात दिसण्याआधी या वहीत दिसू शकतात. अट एकच, वही नियमित भरलेली हवी.

डायलिसिसच्या रुग्णांना जिवाणूसंसर्ग इतक्या सहज का होतो?

आठवड्यातून साधारण तीनदा त्यांचं रक्त शरीराबाहेर काढून परत आत सोडलं जातं. दर वेळी त्वचेचं कवच सुईने भेदलं जातं किंवा थेट मोठ्या शिरेत बसवलेल्या कॅथेटरचं, म्हणजे नळीचं, तोंड उघडलं जातं. मूत्रपिंड निकामी झालं की प्रतिकारशक्तीही खालावते, आणि अनेकांना मधुमेह असतो. शिवाय एका हॉलमध्ये अनेक रुग्ण तासन्‌तास शेजारी शेजारी असतात, त्यांची काळजी घेणारे हातही तेच असतात.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१७ ते २०२० या काळाची आकडेवारी प्रसिद्ध केली. डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांच्या तुलनेत डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचा संसर्ग होण्याची शक्यता १०० पट असल्याचं तीत आढळलं. त्याच देशात २०१४ ते २०१९ दरम्यान डायलिसिस रुग्णांमधले रक्तसंसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटले, हेही खरं आहे. म्हणून ‘डायलिसिस म्हटलं की इन्फेक्शन व्हायचंच’ हे वाक्य मला मान्य नाही.

‘साथ’ केव्हा म्हणायचं? दोघांना ताप आला तर लगेच साथ?

नेहमीपेक्षा जास्त रुग्ण, एवढी सोपी व्याख्या आहे. पण नेहमी किती असतात हे ठाऊक नसेल तर जास्त कशावरून ठरवणार? म्हणून दर महिन्याला रक्तसंसर्ग मोजावे लागतात, आणि ते दर १०० रुग्ण-महिन्यांमागे मांडले की वेगवेगळ्या महिन्यांची तुलना करता येते. समजा, युनिटमध्ये ६० रुग्ण आहेत. वर्षाचे ७२० रुग्ण-महिने झाले. वर्षभरात सहा रक्तसंसर्ग झाले, तर दर साधारण ०.८ येतो. कॅथेटरच्या रुग्णांचा दर फिस्टुलाच्या (हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेल्या मार्गाच्या) रुग्णांपासून वेगळा काढा, नाहीतर कॅथेटरची संख्या वाढली म्हणून दर वाढला की काळजीत ढिलाई झाली म्हणून, हे कळणार नाही.

तरीही काही वेळा आकडेमोडीची वाट बघायची नसते. एकाच शिफ्टमध्ये दोघांना थंडी वाजून ताप आला, किंवा काही आठवड्यांत दोघांच्या रक्तात सेरेशिया, बर्कहोल्डेरिया, राल्स्टोनिया असा पाण्यात किंवा ओलसर जागी वाढणारा जिवाणू सापडला, तर शोध त्याच दिवशी सुरू करा. शेवटी योगायोग निघाला तर काही बिघडत नाही.

डायलिसिस चालू असताना रुग्णाला थंडी वाजून आली. लगेच काय करायचं?

आधी रुग्ण. रक्तदाब, नाडी, तापमान, श्वास आणि ऑक्सिजन बघा, डॉक्टरांना बोलवा. डायलिसिस चालू ठेवायचं की थांबवायचं आणि सर्किटमधलं (मशीनच्या नळ्यांमधलं) रक्त परत द्यायचं की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. पाणी किंवा डायलिसेट (रक्त शुद्ध करण्यासाठी मशीनमधून वाहणारं द्रावण) दूषित असल्याची शंका असेल तर बहुधा थांबवलंच जातं.

त्यानंतर, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याची चाचणी) घ्या. दोन संच घ्या, प्रौढांमध्ये प्रत्येक बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर रक्त. कॅथेटर असेल तर शक्यतो एक संच कॅथेटरमधून किंवा सर्किटमधून आणि एक हाताच्या शिरेतून. मात्र फिस्टुलासाठी जपायच्या शिरा टोचून खराब करू नका. शीर मिळत नसेल तर दोन्ही संच सर्किटमधून घेतलेलं चालतं. अँटिबायोटिक आधी देऊन कल्चर मागाहून घेण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते आणि मला ती फार घातक वाटते. रुग्णाचा ताप उतरतो, पण कोणत्या जिवाणूने आणला याचा पुरावा कायमचा जातो. मग शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला तोच ताप आला तरी दोन्ही घटना जोडता येत नाहीत.

रुग्ण स्थिर झाल्यावर तपासाचं काम. मशीन निर्जंतुकीकरणाला लावण्याआधी डायलिसेटचा नमुना घ्या. एकाहून जास्त रुग्णांना त्रास झाला असेल तर पाण्याच्या लूपमधूनही (शुद्ध पाणी मशीनपर्यंत नेणाऱ्या पाइपमधूनही) घ्या. डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), ट्यूबिंग, सलाईन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि त्या सत्रात दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचा लॉट नंबर उतरवून ठेवा. थंडी केव्हा वाजली हे मिनिटांत लिहा.

वेळ मिनिटांत का लिहायची?

कारण वेळ उगमाकडे बोट दाखवते. डायलिसेटमधल्या एंडोटॉक्सिनमुळे (जिवाणूंच्या भिंतीच्या तुकड्यांमुळे) होणारी प्रतिक्रिया सहसा सत्र सुरू झाल्यावर अर्ध्या ते एक तासात दिसते. सुरुवातीला ताप नसलेल्या रुग्णाला हुडहुडी भरते, तापमान ३७.८ अंशांच्या वर जातं, कधी रक्तदाब घसरतो. कॅथेटरच्या आत जिवाणू साचले असतील तरी रक्त फिरू लागल्यावर असंच चित्र दिसतं, म्हणून एकाच रुग्णावरून फरक कळत नाही. सत्राच्या शेवटी, एखादं इंजेक्शन दिल्यानंतर थंडी वाजत असेल तर त्या औषधाकडे बघा.

रुग्ण कोण आहेत हेही तितकंच बोलकं असतं. फक्त कॅथेटरवाल्यांना त्रास होतोय? मग कॅथेटरची हाताळणी, लॉकचं (दोन सत्रांच्या मधे कॅथेटरमध्ये भरून ठेवायचं) द्रावण, जंतुनाशक आणि ड्रेसिंगचं सामान तपासा. फिस्टुलाच्या आणि कॅथेटरच्या रुग्णांना एकाच शिफ्टमध्ये एकत्र त्रास होतोय? मग पाणी, डायलिसेट किंवा सगळ्यांना दिलेलं औषध. वेगवेगळ्या दिवशी पण एकाच मशीनवर? मग ते मशीन बाजूला काढा.

कल्चरच्या अहवालातल्या नावावरून काय समजतं?

बरंच काही. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हे मुख्यतः नाकातले आणि त्वचेवरचे रहिवासी. ते वाढले की हात, त्वचेची स्वच्छता आणि कॅथेटरची जोडणी यांच्याकडे लक्ष जातं. स्यूडोमोनास, स्टेनोट्रोफोमोनास, राल्स्टोनिया, बर्कहोल्डेरिया यांना पाणी आणि ओल प्रिय. ते दिसले की आरओ (पाणी शुद्ध करणारी यंत्रणा), लूप, मशीनचे ड्रेन, सिंक आणि दूषित द्रावणं यांचा विचार करायचा. बर्कहोल्डेरिया तर जंतुनाशकाच्या बाटलीतही तग धरतो. जंतुनाशकच दूषित निघाल्याच्या साथी जगात अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत, म्हणून ‘ते तर अँटिसेप्टिक आहे’ असं म्हणून ती बाटली तपासातून वगळू नका.

प्रयोगशाळेला सांगून हे जिवाणू जपून ठेवायला लावा. दोन रुग्णांमधला जिवाणू एकाच वंशाचा आहे का, हे जनुकीय चाचणीने पुढे तपासता येतं. प्लेट फेकून दिली की ती संधी गेली.

पाणी आरओचं आहे, मग त्यात जिवाणू येतातच कसे?

एका सत्रात डायलिसेटचा प्रवाह मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर असतो. चार तासांत १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहून जातं. पिण्याचं पाणी आतड्यातून गाळून रक्तात येतं, इथे मात्र मधे फक्त डायलायझरचा पडदा.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रक्तपेशी फोडतं, म्हणून कार्बन टँकमध्ये ते काढून टाकावंच लागतं. नेमक्या त्याच क्षणापासून पाण्याचं जिवाणूंपासूनचं संरक्षण संपतं. कार्बनच्या पुढे टाकी असेल, पाइपमध्ये पाणी साचून राहणारी बंद टोकं असतील, सुट्टीच्या दिवशी लूपमधला प्रवाह थांबत असेल, तर पाइपच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. हा बायोफिल्म. जंतुनाशक त्याच्या वरच्या पापुद्र्याला मारतं, आतले जिवाणू टिकतात आणि पुन्हा पाण्यात उतरतात. एकदा मुरलेला बायोफिल्म काढणं इतकं अवघड असतं की काही वेळा पाइपच बदलावे लागतात. त्यामुळे लूपचं निर्जंतुकीकरण अहवाल बिघडल्यावर करायचं नसतं. ते वेळापत्रकानुसार, निदान महिन्याला एकदा करायचं असतं, अहवाल उत्तम असले तरी. उष्णतेने निर्जंतुक होणारा लूप असेल तर ते आणखी वारंवार करता येतं.

जिवाणू सहसा पडद्यातून जात नाहीत, पण त्यांच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन आणि त्याहून बारीक अंश, जाऊ शकतात. हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांच्या पडद्याच्या) डायलायझरमध्ये थोडं डायलिसेट उलट रक्ताकडेही ढकललं जातं. म्हणून कल्चर निगेटिव्ह येऊनही पाच जणांना थंडी वाजू शकते.

पाण्याची तपासणी किती वेळा, आणि आकडे कोणते बघायचे?

साधारणपणे महिन्याला एकदा. नवीन प्लांट बसवल्यावर, दुरुस्तीनंतर किंवा अहवाल बिघडल्यावर त्याहून जास्त वेळा. आयएसओ २३५०० मानकांनुसार डायलिसिसच्या पाण्यात मिलिलिटरमागे १०० पेक्षा कमी जिवाणू-वसाहती आणि ०.२५ पेक्षा कमी एंडोटॉक्सिन युनिट असायला हवीत. पण १०० ची वाट बघायची नाही. ५० वसाहती किंवा ०.१२५ युनिट आलं की कारवाई सुरू. अतिशुद्ध डायलिसेटची मर्यादा यापेक्षा कितीतरी कडक आहे: मिलिलिटरमागे ०.१ वसाहत आणि ०.०३ युनिट यांच्या खाली.

नमुना निर्जंतुकीकरणाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी, निर्जंतुकीकरणाआधी घ्या. लूप धुऊन झाल्याबरोबर घेतलेला नमुना नेहमीच छान येतो आणि काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेला हे डायलिसिसचं पाणी आहे असं स्पष्ट कळवा. पाण्यातले जिवाणू उपाशी राहायला सरावलेले असतात. रक्ताच्या कल्चरसाठी वापरतात तशा सकस माध्यमावर आणि ऊबेत त्यांतले बरेच उगवतच नाहीत. आर-२-ए किंवा टीजीईए माध्यमावर १७ ते २३ अंशांना सात दिवस ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. नमुना २४ तासांत लावला जावा आणि तोवर थंड ठेवावा.

बायकार्बोनेट द्रावणाबद्दल इतकी काळजी का?

डायलिसेट आम्ल आणि बायकार्बोनेट या दोन द्रावणांपासून बनतं. आम्ल द्रावणात जिवाणू वाढत नाहीत, बायकार्बोनेटमध्ये मजेत वाढतात. कालवलेलं द्रावण २४ तासांच्या आत संपवा. उरलेल्यात नवं ओतू नका. कॅन रोज शुद्ध पाण्याने धुऊन उपडे वाळवा आणि ठरलेल्या दिवशी निर्जंतुक करा. मशीनला लावायची कोरडी काडतुसं परवडत असतील तर हा सगळा व्याप कमी होतो.

मशीन रोज निर्जंतुक होतं. तरी मशीनमधून साथ येऊ शकते?

येऊ शकते, आणि आलेली आहे. काही मशीनवर प्रायमिंगचं (सत्राआधी ट्यूबिंग भरून घेण्याचं) सलाईन टाकून देण्यासाठी एक वेगळं तोंड असायचं. १९९५ मध्ये कॅनडात आणि १९९७ मध्ये अमेरिका आणि इस्राएलमध्ये झालेल्या रक्तसंसर्गाच्या साथींचा माग या तोंडापर्यंत पोहोचला. त्यातल्या झडपा नीट बंद होत नव्हत्या, त्यामुळे वापरलेला द्रव उलटा येऊन रक्ताच्या ट्यूबिंगच्या टोकाला लागत होता.

दुसरी जागा भिंतीतल्या जोडणीच्या पेटीची. मशीनला पाणी आणि द्रावणं देणाऱ्या नळ्या आणि ड्रेन या पेटीत एकत्र येतात. २०१५-१६ मध्ये अमेरिकेत अनेक केंद्रांत सेरेशिया आणि स्यूडोमोनासचे रक्तसंसर्ग झाले, तेव्हा या पेट्यांत साचलेलं सांडपाणी संशयाचं केंद्र ठरलं. पेटीला हात लावून तोच हात कॅथेटरला लागला की झालं. आज शिफ्ट संपल्यावर तुमच्या युनिटमधल्या पेट्या उघडून बघा. पाणी तुंबलेलं, चिकट थर धरलेला दिसला तर ड्रेन दुरुस्त करा, पेट्यांची सफाई वेळापत्रकात घाला, आणि पेटीला हात लावल्यावर ग्लोव्हज काढून हात स्वच्छ करायचा नियम ठेवा.

एका वायलमधलं (इंजेक्शनच्या छोट्या बाटलीतलं) उरलेलं औषध दुसऱ्या रुग्णाला दिलं तर काय बिघडतं? औषध तर महाग असतं.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका डायलिसिस केंद्रात हेच झालं. रक्तवाढीचं एपोएटिन एकाच वापराच्या वायलमध्ये यायचं, त्यात जिवाणूंना रोखणारं काहीही नव्हतं. वायलमध्ये उरलेले थेंब फुकट जाऊ नयेत म्हणून अनेक वायलमधला उरलेला भाग एकत्र केला जायचा. एका महिन्यात १० रुग्णांच्या रक्तात सेरेशिया लिक्विफेशियन्स सापडला आणि आणखी सहा वेळा थंडीतापाच्या प्रतिक्रिया झाल्या. तोच जिवाणू हात धुण्याच्या साबणात आणि हाताला लावायच्या लोशनमध्येही मिळाला. उरलेलं औषध एकत्र करणं थांबलं, साबण आणि लोशन बदललं, आणि साथ थांबली.

बचतीचा हेतू मला कळतो, तो वाईट नसतो. पण एका रक्तसंसर्गाच्या उपचाराचा खर्च अशा कितीतरी वायलच्या किमतीहून मोठा असतो, आणि जिवाची किंमत त्यात धरलेलीच नाही. एकाच वापराची वायल एका रुग्णाला एकदाच. इंजेक्शनं रुग्णांच्या खाटेपासून दूर, स्वच्छ टेबलावर भरा. औषधांची ट्रॉली एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरवू नका. स्टेशनवर नेलेलं न वापरलेलं सामान परत सामायिक कपाटात ठेवू नका.

कॅथेटर, ग्राफ्ट की फिस्टुला?

संसर्गाच्या दृष्टीने फिस्टुला सर्वांत सुरक्षित, ग्राफ्ट (धमनी आणि शीर यांना जोडणारी कृत्रिम नळी) मधला, कॅथेटर सर्वांत धोक्याचा. युनिटमधले कॅथेटर कमी करणं हा साथ टाळण्याचा सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे, पण तो हॉलमध्ये होत नाही. तो सहा महिने आधी, रुग्णाला डायलिसिस लागणार हे दिसू लागताच फिस्टुलासाठी पाठवण्यात होतो. तात्पुरता, बोगदा नसलेला (त्वचेखालून न नेता थेट शिरेत घातलेला) कॅथेटर दोन आठवड्यांहून जास्त राहू नये. मांडीतल्या कॅथेटरला संसर्गाचा धोका मानेतल्यापेक्षा अधिक. फिस्टुला तयार होऊन वापरात आल्यावरही ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून कॅथेटर ठेवून देऊ नका.

फिस्टुलातही एकाच छिद्रातून बोथट सुई घालण्याच्या बटनहोल पद्धतीत संसर्ग जास्त होतात, त्यामुळे तिथली खपली काढणं आणि त्वचा पुन्हा स्वच्छ करणं फार काटेकोर हवं.

कॅथेटर जोडताना नेमकं कुठे चुकतं?

घाईत. रुग्णाला मशीनवर घेताना आणि सोडवताना दोन्ही वेळा मास्क रुग्णालाही हवा, फक्त सिस्टरला नाही. टोपण काढल्यावर हबचं (कॅथेटरच्या जोडणीच्या टोकाचं) तोंड आणि आटे जंतुनाशकाने घासायचे असतात, नुसते पुसायचे नसतात, आणि मग वाळू द्यायचं असतं. ओल्या जंतुनाशकावर जोडणी केली की त्याला काम करायला वेळच मिळालेला नसतो. त्वचेसाठी ०.५ टक्क्यापेक्षा जास्त क्लोरहेक्सिडिन असलेलं अल्कोहोलयुक्त द्रावण सर्वांत चांगलं. ते चालत नसेल तर पोव्हिडोन आयोडीन वापरा, पण त्याला वाळायला दोन-तीन मिनिटं लागतात. कॅथेटर बाहेर येतो त्या जागी जंतुरोधक मलम लावायचं, मात्र ते मलम कॅथेटरच्या प्लॅस्टिकला चालतं का हे आधी निर्मात्याच्या माहितीत बघा. काही मलमांमुळे कॅथेटर चिरतो.

अमेरिकेत १७ केंद्रांनी ही सगळी पावलं एकत्र अमलात आणली. हात आणि कॅथेटरची हाताळणी प्रत्यक्ष बघून नोंदवणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, क्लोरहेक्सिडिन, हब घासणं, असं बरंच काही त्यात होतं. तिथले रक्तसंसर्ग ३२ टक्क्यांनी आणि डायलिसिसच्या मार्गाशी जोडलेले रक्तसंसर्ग ५४ टक्क्यांनी कमी झाले. एकही नवं यंत्र न आणता.

ग्लोव्हज घातले आहेत, मग हात कशाला धुवायचे?

ग्लोव्हजना बारीक छिद्रं असू शकतात आणि काढताना हात माखतात. ते घालण्याआधी आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. अल्कोहोल रबला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद. हात दिसायला मळलेले असतील किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब असतील तर साबण आणि पाणीच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. खरी फसगत मशीनच्या पडद्यावर होते. अलार्म वाजतो, ग्लोव्हज घातलेला हात बटण दाबतो आणि तसाच पुढच्या रुग्णाच्या फिस्टुलाकडे वळतो. माणसं कमी असतात तेव्हा हे वाढतं, म्हणून एका सिस्टरवर किती रुग्ण, हा संसर्ग-नियंत्रणाचाच प्रश्न आहे.

दोन शिफ्टच्या मधली सफाई कशी असावी?

आधीचा रुग्ण खाटेवरून उठून गेल्यावरच. रुग्ण बसलेला असताना एका हाताने मशीन पुसणं ही सफाई नव्हे. खाट किंवा खुर्ची, तिचे हात, मशीनचा पुढचा भाग, टेबल, रक्तदाबाचा पट्टा, प्रायमिंगची बादली, सगळं पुसा. घरगुती ब्लीचसारखं पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर नेहमीसाठी १०० पट आणि रक्त सांडलं असेल तर १० पट पातळ केलेलं, रोज ताजं. पृष्ठभाग लेबलवर दिलेल्या वेळेपर्यंत ओला राहिला पाहिजे. पुढच्या रुग्णाचं सामान सफाई पूर्ण होईपर्यंत त्या स्टेशनवर आणू नका.

डायलायझर पुन्हा वापरणं सुरक्षित आहे का?

काटेकोर केलं तर करता येतं. ढिलाईला मात्र जागा नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका केंद्रात २७ रुग्णांना क्षयरोगाच्या जिवाणूच्या दूरच्या नातलगांचा, मुख्यतः मायकोबॅक्टेरियम चेलोनीचा, संसर्ग झाला. डायलायझर निर्जंतुक करायला वापरलेलं फॉर्माल्डिहाइड या चिवट जिवाणूंसाठी कमी पडत होतं. त्यानंतर त्याची तीव्रता चार टक्के ठेवण्याची शिफारस झाली. पेरॅसेटिक आम्ल वापरत असाल तर प्रत्येक डायलायझरमध्ये त्याची ताकद पट्टीने तपासा, ठरलेला वेळ भरू द्या, आणि धुतल्यावर ते पूर्ण निघाल्याचीही खात्री करा. धुण्याचं पाणी डायलिसिसच्याच दर्जाचं हवं. साथीची शंका आली की पुनर्वापर लगेच थांबवणं शहाणपणाचं.

एमआरएसए असलेल्या रुग्णाला वेगळं मशीन, वेगळी खोली लागते का?

वेगळं मशीन हा नियम हिपॅटायटिस बी या विषाणूसाठी आहे. एमआरएसए (मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) यासारख्या प्रतिरोधक जिवाणूसाठी युनिटमधली नेहमीची काळजी पुरेशी असते, ती खरोखर घेतली जात असेल तर. मात्र जखमेतून न आवरणारा स्राव किंवा जुलाब असतील तर रुग्णाला वर्दळीपासून दूर, कडेच्या स्टेशनवर घ्या, त्याच्यासाठी वेगळा गाऊन वापरा आणि स्टेशन सोडताना तो तिथेच काढा. अशा रुग्णाला डायलिसिस नाकारणं कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

साथ असल्याचं वाटतंय. युनिट बंद करायचं का?

बहुतेक वेळा नाही. डायलिसिस चुकलं तर पोटॅशियम वाढून आणि फुफ्फुसांत पाणी भरून माणूस दगावू शकतो, आणि हा धोका संसर्गाइतकाच खरा आहे. पाण्यात किंवा डायलिसेटमध्ये गंभीर दोष दिसला तर मात्र तो लूप वापरायचा नाही. अशा वेळी रुग्णांना दुसऱ्या केंद्रात पाठवण्याची सोय आधीच बोलून ठेवलेली असावी, ऐनवेळी फोन शोधत बसू नये.

पहिल्या दिवशी संसर्ग-नियंत्रण पथक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, युनिटप्रमुख आणि टेक्निशियन यांना एकत्र बसवा. आरोग्य यंत्रणेला कळवा. ‘रुग्ण’ कोणाला धरायचं ते एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ अमुक तारखेनंतर ज्याच्या ब्लड कल्चरमध्ये अमुक जिवाणू आला तो. मग प्रत्येकाची एक ओळ: शिफ्ट, मशीन, स्टेशन, कॅथेटर की फिस्टुला, डायलायझर नवा की पुनर्वापराचा, कोणती इंजेक्शनं, कोणत्या लॉटची, जोडणी कोणी केली. आजारी न पडलेल्यांचीही तशीच यादी करा. दोन याद्यांमधला फरक हाच तपासाचा गाभा.

नमुने घेऊन झाल्यावर अहवालांची वाट न बघता संशयित वायल, द्रावण किंवा मशीन वापरातून काढा. ते फेकू नका, खूण करून बाजूला ठेवा. आणि दोन दिवस हॉलमध्ये शांतपणे उभं राहून जोडणी, सोडवणी, इंजेक्शन भरणं बघा. कागदावरची पद्धत आणि प्रत्यक्षातली पद्धत यांतलं अंतर तिथेच कळतं.

सगळ्यांना खबरदारी म्हणून अँटिबायोटिक द्यावं का?

नाही. ज्याला ताप, थंडी किंवा पॉझिटिव्ह कल्चर आहे त्याच्यावर पूर्ण उपचार करा, कल्चरचा अहवाल आला की औषध सापडलेल्या जिवाणूपुरतं मर्यादित करा. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला अजिबात दाद न देणारा जगातला पहिला नोंदलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस २००२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डायलिसिसच्याच एका रुग्णात सापडला. हे औषध आपल्या रुग्णांना फार लागतं, म्हणून ते आपणच जपून वापरायला हवं.

स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तात आला की ताप उतरल्यावर थांबू नका. तो हृदयाच्या झडपांवर, मणक्यात, सांध्यात जाऊन बसतो. पुन्हा कल्चर करून रक्त स्वच्छ झाल्याची खात्री करा, हृदयाची इको करा, कॅथेटर शक्यतो काढा. स्यूडोमोनास असेल तरी कॅथेटर काढण्याकडेच कल ठेवा.

ज्याच्या हातून चूक झाली त्याला शिक्षा व्हावी का?

साथीच्या तपासात हा प्रश्न आधी आला की लोक बोलायचे थांबतात, आणि तपास संपतो. वायल कोणी वाटून वापरली यापेक्षा तिथे वायल वाटून वापरायची पद्धत का पडली, हे कळणं महत्त्वाचं. साठा कमी येत होता? एका सिस्टरवर फार रुग्ण होते? ते सांगणाऱ्याला संरक्षण द्या.

रुग्णांना साथीबद्दल सांगायचं का?

हो, लवकर आणि स्पष्ट. काय झालं, आम्ही काय बदललं, तुम्ही कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यायचं. लपवलेली गोष्ट प्रतीक्षाकक्षात अफवा होऊन येते, आणि मग घाबरून लोक डायलिसिसच चुकवतात.

साथ संपली हे कशावरून ठरवायचं?

नवे रुग्ण थांबले, पाण्याचे लागोपाठचे नमुने मर्यादेत आले, आणि बदललेली पद्धत अजून पाळली जातेय हे प्रत्यक्ष बघून पटलं, यावरून. किती काळ वाट बघायची हे जिवाणू आणि उगम यांवर ठरतं. बायोफिल्मची साथ महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढते, त्यामुळे तिथे पाण्याची तपासणी बराच काळ वाढवूनच ठेवा.

मी रुग्ण आहे. घरी काय सांभाळू, आणि केव्हा फोन करू?

कॅथेटरचं ड्रेसिंग कोरडं ठेवा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर त्यावर पाणी पडेल अशी अंघोळ करू नका. ड्रेसिंग सुटलं, ओलं झालं, किंवा टोपण ढिलं वाटलं तर स्वतः उघडू नका, युनिटला फोन करा. डायलिसिसला बसण्याआधी फिस्टुलाचा हात साबणाने धुवा.

ताप, थंडी, कॅथेटर किंवा फिस्टुलाच्या जागी लाली, सूज, दुखणं, पू, अचानक गोंधळल्यासारखं होणं, नव्याने सुरू झालेली तीव्र पाठदुखी, यांतलं काहीही असेल तर पुढच्या सत्राची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा. मागच्या सत्रानंतर घरी थंडी वाजली आणि आपोआप थांबली, तरी तीही सांगा. ही गोष्ट रुग्ण सर्रास विसरतात आणि युनिटच्या वहीत ती कधीच चढत नाही. लसींबद्दलही विचारा. हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकस आणि फ्लूची लस डायलिसिसच्या रुग्णांना सुचवली जाते.

सिस्टरना ‘हात स्वच्छ केलेत का?’ असं विचारलं तर त्यांना राग येईल का?

आला तरी विचारा. कॅथेटर तुमच्या शरीरात आहे. चांगल्या युनिटमध्ये रुग्णांनी हे विचारावं अशी पाटीच लावलेली असते, आणि पहिल्या सत्रापासून तसं सांगितलंही जातं. तुमच्या युनिटमध्ये ती नसेल तर युनिटप्रमुखांकडे मागा.